एकाच निवडणुकीचा मतदारसंघ: डब्लिन आर्टेन (१९७७ ते १९८१)

उत्तरकिनारा

नमस्कार मंडळी. डब्लिनच्या उत्तर भागात आर्टेन नावाचं उपनगर आहे. आम्ही नऊ वर्षं तिथे राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरात मी आयर्लंडच्या संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं. आमचा मतदारसंघ 'डब्लिन बे नॉर्थ', पाच जागांचा. मत देऊन येताना शेजारचे काका फाटकाशी उभे होते. पहिलं मत म्हणून त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "माझं पहिलं मत १९७७ चं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मतदारसंघ होता डब्लिन आर्टेन. पुन्हा त्या नावाने मत द्यायला मिळालंच नाही."

एवढ्यावरून शोधाला लागले. डब्लिन आर्टेन हा तीन जागांचा मतदारसंघ १९७४ च्या कायद्याने तयार झाला. त्यावर सार्वत्रिक निवडणूक झाली एकच, १६ जून १९७७ ची. मे १९८१ मध्ये डॉल, म्हणजे तिथलं कनिष्ठ सभागृह, बरखास्त झालं आणि आर्टेन नकाशावरून गेला. त्या एका निवडणुकीत तिथून चार्ल्स हॉही निवडून आले, जे डिसेंबर १९७९ मध्ये पंतप्रधान झाले. नोएल ब्राउनही तिथूनच आले. त्यांची गोष्ट तर स्वतंत्र धाग्याची.

आमच्या मंडळाच्या अंकासाठी यावर लेख लिहायचं मनात आहे. नवरा म्हणतो, चार वर्षांच्या मतदारसंघाला कसला इतिहास? ती तर सरकारी नकाशावरची रेघ. मला तसं वाटत नाही, पण नेमकं का, ते सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? अशा मतदारसंघाला स्वतःचा इतिहास असतो का?

नकाशेवेडा

असतो! वाचतोय. पण आधी हे सांगा, तो जन्मला कशासाठी आणि मोडला कोणी?

कॉर्ककर

मी सांगतो. कॉर्कमध्ये बारा वर्षं काढल्यावर आयरिश राजकारण अंगात मुरतं.

१९७३ साली फिना गेल आणि मजूर पक्ष यांचं आघाडी सरकार आलं. जेम्स टली हे मजूर पक्षाचे, मीथ जिल्ह्याचे. ते स्थानिक प्रशासन मंत्री झाले आणि मतदारसंघांची फेररचना तेव्हा मंत्र्याच्याच हातात होती. आयोग वगैरे काही नाही. टलींनी डॉलच्या जागा १४४ वरून १४८ केल्या, हा भाग साधा. खरी मेख होती डब्लिनमध्ये. त्या भागाचे त्यांनी १४ मतदारसंघ केले, त्यातले १३ तीन-तीन जागांचे आणि एकटा डन लिअरी चार जागांचा. आर्टेन त्या तेरांतला एक. हेतू असा की तिथे एक जागा फियाना फॉलला, म्हणजे तेव्हाच्या विरोधी पक्षाला, जावी आणि उरलेल्या दोन फिना गेल व मजूर पक्षाने एकेक वाटून घ्याव्यात.

विरोधकांनी आणि वर्तमानपत्रांनी याला 'टलीमँडर' म्हटलं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांच्या नावावरून १८१२ मध्ये 'गेरीमँडर' शब्द निघाला होता, कारण तिथला एक मतदारसंघ नकाशावर सॅलमँडरसारखा दिसत होता. त्याच चालीवर हा शब्द.

मालवणी_मासो

टलीमँडर ह्या नाव ऐकान माका वाटला बाजारात नवीन मासो इलो!

उत्तरकिनारा

हाहा. सॅलमँडर पाण्यातलाच, त्यामुळे फार लांब नाही गेलात.

कोटावाला

कॉर्ककर, हेतू बरोबर सांगितलात, पण त्यामागचं गणित सांगितल्याशिवाय गंमत कळणार नाही. थोडं किचकट आहे, धीर धरा.

आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच सदस्य निवडले जातात आणि मतदार पसंतीक्रम लिहितो. कोटा काढायचा तो असा: वैध मतं भागिले (जागा अधिक एक), आणि त्यात एक मिळवायचा. म्हणजे तीन जागा असतील तर कोटा साधारण २५ टक्के, चार असतील तर २० टक्के.

आता समजा फियाना फॉलला ४६ टक्के मतं आहेत. १९७३ मध्ये त्यांना देशभरात ४६.२ होती. तीन जागांच्या मतदारसंघात २५ वर एक जागा आली, उरली २१. दुसरी जागा नाही. समोरच्या दोन पक्षांनी एकमेकांना पुढची पसंती दिली तर दोन्ही जागा त्यांच्या. चार जागा असत्या तर त्याच ४६ टक्क्यांवर फियाना फॉलला दोन मिळाल्या असत्या, अर्ध्या.

पण फियाना फॉल ५१ वर गेला तर? चार जागांत त्याच्या दोनच राहतात, कारण तिसरीला ६० लागतात. तीन जागांत मात्र थेट दोन, म्हणजे ५१ टक्क्यांवर दोन तृतीयांश जागा. टलींनी डब्लिनभर पन्नास टक्क्यांच्या काठावर घरं बांधली. पाणी काठाखाली राहिलं तर ती सुरक्षित. वर आलं की सगळी एकदम बुडणार.

निवृत्त_नायब

कोटावाला यांनी सोपं करून सांगितलं. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली आणि विधान परिषदेच्या मतमोजणीला मी कित्येकदा बसलो आहे, म्हणून इथे लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे ही पद्धत परकी नाही. आमदार विधान परिषदेवर किंवा राज्यसभेवर सदस्य निवडतात ते याच कोट्याने. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सहा जागांसाठी साधारण ४१ मतांचा कोटा होता आणि सहावी जागा दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ठरली, हे अनेकांना आठवत असेल. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही पसंतीक्रमच. निवडणूक आयोगाचा जांभळा स्केचपेन असतो, त्यानेच आकडा लिहायचा. कोणी नाव लिहितं, कोणी बरोबरची खूण करतं, कोणी सही करतं. ती सगळी मतं बाद.

मोजणी दमवते. आधी सगळ्या पेट्यांतली मतं एकत्र मिसळायची, मग गठ्ठे बांधायचे, बाद मतं वेगळी काढायची, मग वैध मतांवर कोटा. पुढे तळाचा उमेदवार बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटा, पुन्हा तळाचा बाद. पहाट होते. पहिल्या फेरीत पुढे असलेला माणूस शेवटी मागे पडताना मी पाहिला आहे. त्याच्या प्रतिनिधीचा चेहरा अजून आठवतो.

चिकित्सक

निवृत्त_नायब, प्रतिसाद फार आवडला. एक बारीक भर: पदवीधर मतदारसंघात जागा एकच असते, म्हणून तिथे कोटा निम्म्याहून अधिक. बाद करत जाणं तेवढं होतं, जास्तीच्या मतांचं वाटप होत नाही. आयर्लंडसारखं बहुसदस्य गणित आपल्याकडे फक्त आमदार मत देतात तिथे. तिथे मतदार काही शे असतात, आर्टेनमध्ये रस्त्यावरचा सामान्य माणूस हेच करतो.

निवृत्त_नायब

अगदी बरोबर. मी दोन्ही एकत्र लिहून गेलो.

कॉर्ककर

मोजणीचा विषय निघालाच आहे तर: इथे मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते आणि कधीकधी दोन-तीन दिवस चालते. कठड्याच्या अलीकडे पक्षांचे 'टॅलीमन' उभे असतात. पेटी उघडून मतपत्रिका सुलट्या करताना त्यांना दुरून जो पहिला आकडा दिसतो, तो ते वहीत रेघा मारून टिपत जातात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी त्यांना निकाल कळलेला असतो. मी एकदा कॉर्कच्या मोजणी केंद्रात उभा राहून हे पाहिलं. कोणत्या गल्लीने कोणाला मत दिलं हे त्यांना पाठ असतं.

शेवंता

हे सगळं छान, पण १९७७ ला झालं काय? पाणी काठावर आलं का?

कोटावाला

आलं ना. फियाना फॉलला ५०.६ टक्के मतं आणि १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या, म्हणजे सुमारे ५६.८ टक्के. फिना गेल ४३, मजूर पक्ष १७. आघाडीचे तीन मंत्री पडले: डब्लिन क्लॉन्टार्फमध्ये कॉनर क्रूझ ओब्रायन, डब्लिन काउंटी वेस्टमध्ये जस्टिन कीटिंग आणि लाँगफर्ड–वेस्टमीथमध्ये पॅट्रिक कूनी. आर्टेनमध्ये तर आघाडीची पाटी कोरी राहिली. तीनपैकी दोन जागा फियाना फॉलला आणि तिसरी अपक्ष नोएल ब्राउन यांना.

चिकित्सक

इथे माझा आक्षेप आहे. सगळे लोक टलींच्या नकाशाला दोष देतात, पण नकाशा स्वतःहून मतं देत नाही. जॅक लिंच यांच्या फियाना फॉलने १९७७ च्या जाहीरनाम्यात घरांवरची घरपट्टी रद्द, मोटारकर रद्द आणि पहिलं घर घेणाऱ्याला १,००० पौंड अनुदान अशी आश्वासनं दिली होती. मतं त्यामुळे वाढली. शिवाय मताचं वय १८ वर आणण्याला १९७२ च्या सार्वमतात मंजुरी मिळाली, पण त्या वयाच्या मुलांना सार्वत्रिक निवडणुकीत मत देता आलं ते थेट १९७७ ला. जुन्या आकड्यांवर आखलेल्या हिशेबात ही मुलं नव्हतीच. जुन्या नकाशावरही फियाना फॉलच जिंकला असता.

कोटावाला

जिंकला असता, मान्य. पण बहुमत एवढं फुगलं नसतं. १९६९ मध्ये उलट्या दिशेने हेच झालं होतं. फियाना फॉलचे मंत्री केविन बोलंड यांनी डब्लिनमध्ये बहुतेक चार जागांचे मतदारसंघ आखले, कारण तिथे आपल्या पक्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं आहेत हे त्यांना माहीत होतं. ४५.७ टक्क्यांवर १४४ पैकी ७५ जागा आल्या. टलींनी बोलंड यांचीच वही उलटी धरली. मतं कशामुळे आली हा तुमचा मुद्दा, त्यांच्या जागा किती झाल्या हा माझा. दोन्ही खरे.

चिकित्सक

हे पटलं. '४६ वर उत्तम, ५१ वर घातक' हे आधी डोक्यात नीट बसलं नव्हतं.

उत्तरकिनारा

चिकित्सक, तुमच्या एका वाक्याने माझ्या काकांचं कोडं सुटलं! ते एकोणीस वर्षांचे होते म्हणजे त्याच पहिल्या तुकडीतले. म्हणूनच ते 'पहिलं मत' एवढं जपून सांगत होते.

टिळकरोड

टलींवर फार एकतर्फी बोललं जातंय. याच माणसाने मंत्री म्हणून वर्षाला २५,००० घरांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. डब्लिनच्या कडेला त्या काळात वसाहती भराभर उभ्या राहत होत्या. माणसं शहराच्या पोटातून बाहेर सरकत असतील तर रेघाही सरकवाव्या लागणारच. आयर्लंडच्या राज्यघटनेत २०,००० ते ३०,००० लोकसंख्येमागे एक सदस्य आणि किमान दर बारा वर्षांनी फेररचना हे लिहिलेलंच आहे. १९६१ मध्ये न्यायालयाने लोकसंख्येचं प्रमाण नीट राखलं नाही म्हणून आधीचा कायदा रद्दही केला होता. फेररचना करणं हा गुन्हा नव्हता. ती मंत्र्याने करणं हा प्रश्न होता.

अवांतर: टली १९८१ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि ६ ऑक्टोबरला कैरोच्या संचलनात पाहुणे म्हणून बसले होते. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या झाली तो हाच कार्यक्रम. टलींच्या चेहऱ्याला जखम झाली. डब्लिनच्या गल्ल्यांच्या रेघा आखणारा माणूस कुठे जाऊन पोचला बघा.

शेवंता

बापरे. हे अजिबात माहीत नव्हतं.

कराडचा_पाहुणा

आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो, न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली. त्याचा आदेश कायद्यासारखा लागू होतो, संसदेसमोर ठेवतात पण तिथे त्यात बदल होत नाही. २००८ च्या फेररचनेत आमचा कराड लोकसभा मतदारसंघ गेला. कराड साताऱ्यात आलं. पहिल्या निवडणुकीत 'साताऱ्याचा खासदार' म्हणताना आमच्या वडिलांची जीभ अडखळायची. त्यामुळे उत्तरकिनारा यांच्या काकांना काय वाटलं असेल ते मला कळतं. आमचा मतदारसंघ कित्येक निवडणुका चालला होता, त्यांचा एकच.

नकाशेवेडा

अल्पायुषी मतदारसंघच पाहायचे तर ब्रिटिश संसदेतला आयर्लंडच्या नॅशनल युनिव्हर्सिटीचा मतदारसंघ घ्या. तो १९१८ ते १९२२ एवढाच होता आणि पदवीधर मत देत. १९१८ ला तिथून शिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाचे इओन मॅकनील निवडून आले, पण शिन फेनने जिंकलेल्या ७३ जागांवरचा एकही सदस्य लंडनला गेला नाही, त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची डॉल भरवली. म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या त्या बाकावर त्या मतदारसंघाचा माणूस कधी बसला नाही.

उत्तरकिनारा

नकाशेवेडा, हे लेखात घ्यावंसं वाटतंय, पण मग आर्टेन बाजूला पडेल. पुन्हा कधीतरी.

सुलोचना_डब्लिन

कोणीतरी ब्राउन यांच्याबद्दल लिहील म्हणून वाट पाहिली. आता मीच लिहिते.

मी परिचारिका आहे. इथे आले तेव्हा एका वयस्क सहकारी बाईंनी मला पहिलं जे आयरिश नाव शिकवलं ते नोएल ब्राउन. जन्म १९१५, वॉटरफर्ड. क्षयाने आईवडील गेले, भावंडं गेली, त्यांना स्वतःला क्षय झाला. ते डॉक्टर झाले. १९४८ मध्ये डॉलमध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले. क्षयासाठी रुग्णालयं आणि खाटा उभ्या करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. मग माता आणि मुलांसाठी मोफत उपचाराची योजना आणली, तिला बिशपांनी आणि डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. मंत्रिमंडळ त्यांच्या मागे उभं राहिलं नाही. एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

सव्वीस वर्षांनी, मजूर पक्षाची उमेदवारी न मिळता, हा माणूस अपक्ष म्हणून आर्टेनमधून निवडून आला. आणि त्याच आर्टेनमधून आलेले हॉही लिंच सरकारात कोणतं खातं सांभाळत होते? आरोग्य! एका मतदारसंघातल्या तीन सदस्यांपैकी एक तेव्हाचा आरोग्यमंत्री आणि दुसरा १९४८ चा. १९७९ मध्ये हॉहींनी कुटुंबनियोजनाचा कायदा आणला. गर्भनिरोधक साधनं मिळणार, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठी. निरोधसुद्धा चिठ्ठीवर. हॉहींनी त्याला 'आयरिश प्रश्नाला आयरिश उत्तर' म्हटलं. ब्राउन यांनी तर १९७२ मध्येच याबाबतचा कायदा मोकळा करा म्हणून डॉलमध्ये मागणी केली होती.

त्या सहकारी बाई तेव्हा तरुण होत्या. चिठ्ठी मागायला डॉक्टरसमोर बसणं किती अवघड वाटायचं हे त्यांनी मला सांगितलं आहे. त्यामुळे उत्तरकिनारा, 'सरकारी रेघ' हा शब्द मला पटत नाही. ज्यांच्या घरात हा कायदा शिरला त्यांनी मत कोणाला दिलं होतं, हे लिहायलाच हवं.

शेवंता

सुलोचनाताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना. _/\_

टिळकरोड

+१. आणि शेजारचा डब्लिन क्लॉन्टार्फही तसाच एका निवडणुकीचा. तिथून जॉर्ज कॉली निवडून आले. हॉही आणि कॉली फेअरव्ह्यूच्या शाळेतले वर्गमित्र. १९५७ मध्ये हॉहींनी डब्लिन नॉर्थ-ईस्टमध्ये जागा जिंकली ती कॉलींच्या वडिलांची. डिसेंबर १९७९ मध्ये लिंच यांच्या जागी कोण यावर पक्षात मतदान झालं, हॉही ४४, कॉली ३८. म्हणजे पंतप्रधानपदाची अख्खी लढत टलींनी आखलेल्या दोन लगतच्या मतदारसंघांत होती. टलींनी या दोघांना कोंडायलाच रेघा मारल्या होत्या.

चिकित्सक

टिळकरोड, शेवटचं वाक्य जरा ताणलंय. टलींचा रोख पक्षावर होता, या दोघांवर नव्हे.

टिळकरोड

ठीक, ते वाक्य मागे घेतो. बाकीचं खरं आहे.

मालवणी_मासो

डब्लिन म्हटल्यार आमच्याकडे एकच नाव. लिओ वराडकर यांच्या वडलांचा गाव वराड, मालवण तालुको. २०१९ च्या अखेरीक ते पंतप्रधान असताना गावाक इल्ले, त्यांच्या स्वागताक अख्खो गाव लोटलो. त्यांचो मतदारसंघ खंयचो?

कॉर्ककर

डब्लिन वेस्ट! आणि इथे धागा जुळतो बघा. लिंच सरकारने टलीमँडर पाहून फेररचना स्वतंत्र आयोगाकडे दिली. त्या अहवालावर १९८० चा कायदा झाला, जागा १४८ वरून १६६, मतदारसंघ ४२ वरून ४१. आर्टेन, क्लॉन्टार्फ, फिंग्लस, कॅब्रा, बॅलीफर्मट हे सगळे गेले आणि १९८१ साठी जे नवे आले त्यात डब्लिन वेस्ट होता. तिथूनच लिओ वराडकर २००७ पासून निवडून येत राहिले. त्यांच्या नशिबी आलेला मतदारसंघ आर्टेन ज्या कायद्याने गेला त्याच कायद्याचा.

मालवणी_मासो

आई शप्पत. ह्या मी गावात सांगतलंय.

उत्तरकिनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट कोणी काढली नाही आणि मीही पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नाही, कारण काकांना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. काल विचारलं.

१४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे आर्टेनमधल्या स्टारडस्ट नाइटक्लबला आग लागली. व्हॅलेंटाइनच्या रात्रीचा नाच होता. ४८ तरुण मुलंमुली गेली. बाहेर पडायच्या दारांना साखळ्या आणि अडथळे होते. आर्टेन तेव्हा स्वतंत्र मतदारसंघ होता, देशाचे पंतप्रधान तिथलेच. त्याच शनिवार-रविवारी त्यांच्या पक्षाचं अधिवेशन होतं, ते पुढे ढकललं. आणि तीन महिन्यांत मतदारसंघच उरला नाही. हॉही आणि ब्राउन दोघेही जूनमध्ये डब्लिन नॉर्थ-सेंट्रलमधून उभे राहिले, दोघेही जिंकले.

१९८२ च्या चौकशीने 'बहुधा जाळपोळ' असं म्हटलं. त्याने वाचलेल्यांवर आणि गेलेल्यांवर संशयाची सावली पडली. कुटुंबं लढत राहिली. एप्रिल २०२४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, मरणोत्तर चौकशीच्या ज्यूरीने ४८ ही मृत्यू बेकायदेशीर हत्या ठरवले आणि पाच दिवसांनी पंतप्रधानांनी डॉलमध्ये राज्यातर्फे माफी मागितली. डब्लिन नॉर्थ-सेंट्रलही २०१६ ला मोडला होता. या कुटुंबांच्या अंगावरून तीन मतदारसंघ गेले आणि त्यांची मागणी एकच राहिली.

काका त्या रात्री तिथे नव्हते. त्यांच्या वर्गातला एक मुलगा होता. त्याचं पहिलं मतही १९७७ च्या त्याच सकाळी, काकांच्याच रांगेत. त्याचं दुसरं मत झालंच नाही. आता मला कळलं की काका 'पुन्हा मिळालंच नाही' म्हणाले तेव्हा कोणाबद्दल बोलत होते.

सुलोचना_डब्लिन

काय लिहू. काकांना माझा नमस्कार सांग.

निवृत्त_नायब

वाचून बराच वेळ बसून राहिलो. पेटीतली मतं मिसळली की कोणतं कोणाचं ते कळत नाही, तसा नियमच आहे. पण त्या दोघांची मतं त्या दिवशी एकाच पेटीत पडली असतील.

कराडचा_पाहुणा

उत्तरकिनारा, लेखात हे काकांच्या परवानगीने येणार का?

उत्तरकिनारा

हो, त्यांनीच सांगितलं लिही म्हणून. मुलाचं नाव नको, बाकी लिही. नवऱ्याने वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि तो लेखासाठी जुन्या मतदारसंघांचा नकाशा काढायला बसला आहे.

नकाशेवेडा

नकाशा झाला की इथे टाका. एक शेवटचं विचारतो: काकांनी १९७७ ला मत दिलं ते केंद्र कुठलं, आणि तुम्ही २०२४ ला दिलं ते कुठलं?

उत्तरकिनारा

तीच शाळा. त्यांच्या वेळी दार रस्त्याच्या बाजूला होतं, आता मैदानाच्या बाजूने आत सोडतात.